अहमदाबादच्या पोळांतून पायी

बडोद्याच्या मराठी माणसाचे अहमदाबादला जाणेयेणे नेहमीचेच. पण ते कचेरीच्या कामापुरते, लग्नमुंजीपुरते, नाहीतर विमान गाठण्यापुरते. साबरमतीच्या पूर्वतीरावर अहमदशहाने १४११ साली वसविलेले मूळ शहर पाहावयाचे राहूनच जाते. गेल्या हिवाळ्यात आम्ही व आमची वडील भगिनी असे दोघे मुद्दाम तेवढ्यासाठीच गेलो. तेथील महानगरपालिकेने १९९७ पासून 'हेरिटेज वॉक' या नावाची पायी सहल चालविली आहे. सकाळी कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघावयाचे आणि जामा मशिदीपाशी थांबावयाचे, असा तिचा क्रम. आमच्या अक्काचे गुडघे आता कुरकुरतात. तरी 'अरे, देवदर्शनाने सुरू होणारी वाट काही पाय दुखवायची नाही,' असे म्हणून ती सर्वांच्या पुढे चालू लागली.

१८२२ साली उभ्या राहिलेल्या त्या मंदिराचे रंगीत लाकडी कोरीवकाम पाहून आमचा वाटाड्या तरुण आम्हांस पोळांत घेऊन शिरला. 'पोळ' या शब्दाने मराठी मनास मधमाश्यांचे पोळे आठवावे, हे साहजिक आहे, आणि उपमा म्हणून ते शोभतेही. व्युत्पत्ती मात्र निराळी. संस्कृतातील 'प्रतोली', म्हणजे वेशीचे दार, हे त्याचे मूळ. रस्त्यावर एक भक्कम दरवाजा, त्याच्या माथ्यावर पहारेकऱ्याची खोली, आत वळणावळणाची गल्ली आणि तिच्या दोन्ही अंगांस एकमेकांच्या भिंतीस पाठ लावून उभी असलेली घरे. दंगाधोपा झाला की दरवाजा लागे आणि आतली माणसे एका घराची होत. घराच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके असे व वर्षभर पिण्यास तेच पाणी पुरे. मध्येच खांबावर पाखरांसाठी उभारलेला नक्षीदार चबुतरा. शहरात झाडे तोडून घरे बांधली तेव्हा पाखरांचीही सोय केली पाहिजे, ही बुद्धी ज्यांना झाली त्यांचे व्यापारीपण आम्हांस फार थोर वाटले. घरांच्या ओट्यांवर बायका भाजी निवडीत बसल्या होत्या. रोज परक्यांची रांग पाहून त्यांना कंटाळा येत असेल. पण एकीने अक्काला हाताला धरून बसविले व पाणी दिले.

वाटेत कवी दलपतरामांचा चौक लागला. त्यांचे घर पडले, तेव्हा त्याचा दर्शनी भाग तेवढा नव्याने उभारून ओट्यावर कवींचा बसलेला पुतळा ठेविला आहे. कवीला असे गल्लीत, शेजाऱ्यांच्या बरोबरीने बसविण्याची ही कल्पना आम्हांस चौथऱ्यावरील पुतळ्यांहून अधिक भावली.

पुढे एका चौकात आमच्या वाटाड्याने निरनिराळ्या धाटणीची घरे दाखविली. 'हे मराठ्यांच्या वेळचे,' एका घराकडे बोट करून तो म्हणाला आणि हसून पुढे जोडता झाला, 'ते लोक कर फार घेत.' आम्ही दोघे मराठी आहोत हे त्याला ठाऊक नव्हते. अक्काने आमच्याकडे पाहिले. आम्ही काय बोलणार? १७५३ साली राघोबादादा व दमाजी गायकवाड यांनी हे शहर घेतले, आणि मधला थोडा काळ सोडता १८१७ पर्यंत ते पेशवे व गायकवाड यांच्याकडे राहिले. पेशव्यांचा हिस्सा इजाऱ्याने दिला जाई. आणि इजारदाराचे लक्ष रयतेपेक्षा वसुलीकडे असावयाचे, हे सांगावयास इतिहासकार नको. याच इजाऱ्याचा तंटा मिटविण्यास बडोद्याचे गंगाधरशास्त्री पुण्यास गेले, आणि १८१५ च्या जुलैत पंढरपुरी त्यांचा खून झाला. ज्या शहरासाठी आपल्या दोन दरबारांत एवढे वैर पेटले, त्या शहराच्या आठवणीत आपण कराच्या रूपाने उरलो आहोत, हे ऐकून बरे वाटले नाही. खोटे मात्र म्हणवेना.

जैन देरासरे, झवेऱ्यांच्या गल्ल्या हे सारे भराभर मागे पडले. हरकुंवर शेठाणींच्या हवेलीपाशी मात्र आम्ही रेंगाळलो. पती हठीसिंग शेठ निवर्तल्यावर त्यांनी आरंभिलेले शहराबाहेरचे मोठे जैन मंदिर या बाईंनी १८४८ साली पुरे करविले. माणेकचौकातली सोन्याचांदीची दुकाने अजून उघडावयाची होती. जामा मशिदीच्या २६० खांबांच्या सावलीत सहल संपली.

निरोप घेताना आम्ही बडोद्याचे मराठी असल्याचे कळले, तेव्हा तो तरुण ओशाळला, व जणू भरपाई म्हणून म्हणाला, 'तीन दरवाजा जवळच आहे. तुमच्या सुभेदाराचा दगड तिथे आहे, तो पाहूनच जा.'

कपड्यांच्या गाड्या आणि ग्राहकांची झुंबड यांतून वाट काढीत आम्ही त्या कमानींखाली गेलो. १८१२ साली मराठ्यांचा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याने कोरविलेली ती देवनागरी आज्ञा. अक्षरे झिजलेली, आम्हांस काही शब्द तेवढे लागले. आशय त्या तरुणाने सांगितलाच होता: बापाच्या मालमत्तेत मुलीला तिचा वाटा विनाहरकत मिळावा, जो हे मोडील तो हिंदू असल्यास महादेवाला आणि मुसलमान असल्यास अल्लारसुलाला जबाब देईल.

'अरे, मोठ्याने वाच,' अक्का म्हणाली. लागले तेवढे शब्द आम्ही वाचले. फेरीवाल्यांच्या ओरडण्यात ते तिला किती ऐकू आले, कोण जाणे. पण दगडावर हात ठेवून ती बराच वेळ उभी होती.

येथे एक सांगितले पाहिजे. आमच्या वडिलांचे बडोद्यातील घर विकावयाचे ठरत आहे. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावयाची, ही आपल्या घरांतली रीत. २००५ च्या दुरुस्तीने कायदा बदलला तरी रीत बदलली नाही. वकिलांकडे तो कागद तयार होता. अक्काने त्याविषयी आजवर चकार शब्द काढलेला नव्हता.

परतीच्या गाडीत तिने डब्यातल्या दशम्या काढल्या, आम्हांस दोन दिल्या, आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाली, 'मंगळवारी वकिलांकडे जायचंय ना? मी येईन. पण तो कागद आधी दोन दिवस माझ्या घरी पाठव. मला नीट वाचायचा आहे.'

आम्ही सोमवारी स्वतःच तो तिच्या घरी नेऊन दिला.