उस्ताद, कॅमशाफ्ट आणि नववीचा वर्ग

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. म्हणूनच धुळ्यापासून जळगावपर्यंत रस्त्याच्या कडेला गॅरेजेच गॅरेजे दिसतात. कुणी पंपवाला, कुणी गिअरबॉक्सवाला, कुणी इंजिनवाला. यांत आपले लोक पुष्कळ. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि आमच्या वर्गातली कितीतरी मुले याच घरांतून येतात. शाळेत आम्हांला कुणी उस्ताद म्हणते, गॅरेजात मिस्त्रीला. मात्र हे दोन उस्ताद एकमेकांच्या दारात फारसे जात नाहीत.

आम्ही गेलो ते एका विद्यार्थ्यासाठी. पोरगा नववीत, हुशार, पण तीन आठवडे गैरहजर. मामाच्या गॅरेजात कामाला लागला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा तिथे एक जुना दहा टायरचा ट्रक उभा होता. चोपड्याकडची केळी भरून शिरपूरमार्गे इंदूरकडे जाणारा. बिजासन घाटात गाडी दम टाकते, ही मालकाची तक्रार. कुणीतरी त्याला सांगितले होते, मोठी कॅमशाफ्ट टाक, ओढ वाढेल.

"सर, कॅम यानी इंजन की सांस," मामा म्हणाले. आम्ही बाकड्यावर बसलो आणि विद्यार्थी झालो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. तिच्यावरचे उंचवटे टॅपेट आणि पुशरॉडमार्फत व्हॉल्व्ह उघडतात. उंचवट्याच्या उंचीवर व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरते, रुंदीवर किती वेळ उघडा राहायचा ते. उघडा ठेवण्याचा वेळ वाढवला तर वेगात पळणाऱ्या इंजिनाला जास्त हवा मिळते. पण घाटात भरलेली गाडी पळत नाही, रांगते. तिथे हवेचा व्हॉल्व्ह उशिरा मिटला तर आत आलेली हवाच परत बाहेर ढकलली जाते, दाब कमी पडतो आणि ओढ घटते. उंची वाढवावी तर डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागा अगदी थोडी. टक्कर झाली की व्हॉल्व्ह वाकलाच. आणि हवा न वाढवता नुसता पंप वाढवला, तर जादा डिझेल काळा धूर होऊन जाते.

अमेरिकेत पिकअपमागे ट्रेलर ओढणारे लोक कमिन्सच्या 5.9 लिटर इंजिनात कॅमशाफ्ट बदलून घेतात. त्याच घराण्याचे इंजिन आपल्याकडे टाटा कमिन्सने जमशेदपूरला बनवले. ती कंपनी 1993 साली स्थापन झाली. पण ओझे ओढण्यासाठीची तिकडची कॅमसुद्धा कमी फेऱ्यांवर ताकद देईल अशीच निवडावी लागते. 'मोठी म्हणजे चांगली' हा हिशेब तिथेही चालत नाही.

ट्रकचा खरा रोग आमच्या विद्यार्थ्याने ओळखला. "मामू, टॅपेट लावूनही आवाज जात नाही." कॅमशाफ्ट काढून मायक्रोमीटर लावला, तर दोन उंचवटे झिजलेले. व्हॉल्व्ह पुरते उघडतच नव्हते. मामांनी कंपनीच्या मापाचीच नवी कॅमशाफ्ट आणि सोबत सगळे नवे टॅपेट बसवायचे ठरवले. जुन्या टॅपेटवर नवी कॅम टिकत नाही. मालकाला त्यांनी आणखी एक सुनावले: दहा टायरला 2018 पासून एकूण 28.5 टनांची परवानगी आहे, त्यावरचे ओझे कुठलीच कॅम ओढणार नाही.

मग आमचा विषय निघाला. "दहावी करके कौनसा साब बनेगा?" मामांचा सवाल खोटा नव्हता. सच्चर समितीने 2006 साली नोंदवले की 6 ते 14 वयाची आपली चारातली एक मुले शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधूनच गळाली. त्यांतल्या अनेकांच्या घरी हाच सवाल विचारला गेला असेल, आणि शाळेकडे त्याचे उत्तर नसेल.

आम्ही म्हणालो, साहेब नको, कारागीरच होऊ द्या, पण पुढच्या गाड्यांचा. 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6 च्या आहेत. त्यांत डिझेल किती आणि केव्हा द्यायचे हे संगणक ठरवतो. बिघाड कानाला कळला तरी स्कॅनरवरचा इंग्रजी संदेश वाचावा लागतो. आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकलाही दहावी पास लागते. मामा बराच वेळ गप्प होते. त्यांच्याकडे स्कॅनर होता. तो वाचायला ते शेजारच्या दुकानातल्या पोराला बोलावत.

तडजोड झाली. शाळा रोज, गॅरेज फक्त सुट्टीत, तेही शिकण्यापुरते. आम्हीही काही देणे लागत होतो. दशांश अपूर्णांक शिकवायला आम्ही मामांकडून फीलर गेज मागून आणला. 0.20 आणि 0.30 ची पाती बोटांत धरून वर्गाला जे समजले ते फळ्यावर समजले नव्हते. गुणोत्तर शिकवताना क्रँक आणि कॅमची चाके काढली, एकाला दुसऱ्याच्या दुप्पट दाते. बीएड करताना आम्ही शैक्षणिक साधनांवर पाने भरली होती. हे साधन त्यांत नव्हते.

पोरगा आता दहावीत आहे. परीक्षा व्हायची आहे, आणि घरची तंगीही तशीच आहे. तो टिकेल की नाही, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण वर्गातून आणखी तिघे गैरहजर राहू लागले आहेत. तिघांचीही गॅरेजे आम्हांला ठाऊक आहेत. या रविवारी तिकडे जायचे आहे.