खोकल्याची वेळ

औषधाच्या दुकानात काउंटरवर हात टेकून माणूस सांगतो, ‘कोरडा खोकला आहे, काहीतरी द्या.’ कोरडा की ओला, एवढी एकच चौकशी आपल्याकडे होते. खोकला ऐकू येतो, म्हणून त्याच्या आवाजाबद्दल बोलायचं, असा आपला रिवाज. मला मात्र फार दिवसांपासून वाटत आलं आहे, की खोकल्याच्या आवाजापेक्षा त्याची वेळ जास्त बोलकी असते. तो कोणत्या प्रहरी येतो, कशानंतर येतो, कोणत्या वारी वाढतो, किती आठवडे मुक्काम ठोकून आहे, हे ज्याला नीट सांगता आलं त्याने डॉक्टरांचं अर्धं काम केलं.

शरीराची ही व्यवस्था किती चोख आहे ते पाहावं. आधी खोल श्वास. मग स्वरयंत्राचं दार घट्ट बंद. बंद दाराआड छातीचे आणि पोटाचे स्नायू हवा आवळत नेतात आणि दार एकदम उघडतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. याची वर्दी नेणारी व्हेगस नावाची नस घसा, श्वासनलिका, अन्ननलिका असं करत पार कानाच्या नळीपर्यंत पोचलेली असते. कान कोरताना काही जणांना ठसका लागतो तो त्यामुळेच. म्हणजे खोकला छातीतून बाहेर पडत असला, तरी त्याला बोलावणं भलतीकडूनच आलेलं असू शकतं. जेवून लगेच आडवं झाल्यावर येणाऱ्या खोकल्यामागे बरेचदा पोटातलं आम्ल असतं. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असलेल्या कुणाला घशात सतत खवखवून कोरडा खोकला येत असेल, तर त्याचं मूळ त्या गोळीतही असू शकतं. आमच्या नात्यातल्या एक काकू अशा खोकल्यावर महिनोन्‌महिने ज्येष्ठमध चघळत होत्या, अडुळशाचा काढा घेत होत्या. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, ‘खोकल्याच्या आधी नवीन काय सुरू झालं होतं?’ डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि काही आठवड्यांत खोकला गेला.

वारावरून ओळखता येणारा खोकला मुंबईच्या गिरणगावाला चांगला माहीत होता. गिरणीत कापसाच्या गाठी फुटायच्या त्या ब्लोरूममध्ये आणि पुढे कार्डिंग खात्यात. तिथे धुरळा इतका, की पाळी सुटल्यावर कामगाराच्या भुवया पांढऱ्या दिसाव्यात. अशा खात्यात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला बिसिनोसिस नावाचा आजार जडतो आणि त्याचं पहिलं लक्षण सोमवारी दिसतं. आठवड्याची सुट्टी घेऊन माणूस खात्यात परततो आणि पाळी सरता सरता छाती आवळून येते, खोकला सुरू होतो. मंगळवारी कमी, बुधवारी आणखी कमी. वर्षं जातात तसा तो मंगळवारवर पसरतो, मग आठवडाभर राहतो आणि मग सुट्टीच्या दिवशीही सोडत नाही. इंग्लंडमध्ये लँकाशायरच्या कापडगिरण्यांत 1950 च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या त्याही वारांवरून: कधीमधी सोमवारी, दर सोमवारी, सोमवारी आणि इतरही दिवशी. छातीच्या एक्स-रेवर या आजाराचं म्हणून खास चित्र उमटत नाही. त्यामुळे निदान एका साध्या प्रश्नावर येऊन ठेपतं: ‘कोणत्या वारी जास्त होतं?’ त्याच्याही आधीचा प्रश्न, ‘काम काय करता?’, तो रोग्याला विचारलाच पाहिजे असं इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी यांनी 1700 साली कारागिरांच्या आजारांवरच्या ग्रंथात लिहून ठेवलं होतं. आजही कित्येक तपासण्यांत तो विचारला जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

इथे नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण येते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची हक्काची सुट्टी मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे, 1890 साली. त्या एका दिवसात माणसं गावाकडे पत्र लिहीत, भजनाला बसत, पोरांना घेऊन चौपाटीवर जात. आणि छातीही त्या दिवशी थोडी मोकळी होई. सोमवारचा खोकला वेगळा कळायला मध्ये एक बिनधुरळ्याचा दिवस असावा लागतो. रोज राबणाऱ्याचे सगळे दिवस सारखेच आणि त्याचा खोकलाही सरसकट; तो कशामुळे, हे त्याचं त्यालाही कळलं नसतं.

चाळीत तर कुणाचा खोकला कुणापासून लपत नसे. भिंतीपलीकडचं माणूस कधी झोपलं, कधी उठून बसलं, सगळं कळे. मध्यरात्रीनंतरचे खोकले तर पुन्हा वेगवेगळे. पहाटे तीन-चारच्या सुमाराला उठवणारा, सुई टोचल्यासारखा नेमका वेळेवर येणारा कोरडा खोकला दम्याचा असू शकतो. त्या वेळी श्वासनलिका मुळातच थोड्या आकसलेल्या असतात. दरवेळी धाप लागेलच, छातीत शिट्टी वाजेलच असं नाही. काहींचा दमा नुसत्या खोकल्यातूनच दिसतो. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीपोटी अशा मुलांना वर्षानुवर्षं गोड सिरपवर ठेवणारे आईवडील मी पाहिले आहेत. पंपातून अगदी थोडं औषध थेट श्वासनलिकेत जातं आणि तिथली सूज उतरवतं. त्याला सवय म्हणत नाहीत.

वयस्कर माणूस आडवं झाल्यावर खोकत असेल आणि उठून बसल्यावर त्याला बरं वाटत असेल, तर उशा मोजाव्यात. एकीच्या दोन, दोनाच्या तीन झाल्या असतील आणि संध्याकाळी पाय सुजत असतील, तर हृदय थकलं असण्याची शक्यता असते. आणि लहान मूल संध्याकाळी नुसतं सर्दीने झोपलेलं असतं, ते मध्यरात्री भुंकल्यासारखा खोकत उठलं आणि श्वास आत घेताना कर्कश आवाज येऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये. हा क्रूप. स्वरयंत्राखालची वाट सुजेने अरुंद झालेली असते. मूल जितकं रडेल तितका श्वास अडतो; म्हणून त्याला कडेवर घेऊन, शांत ठेवूनच दवाखाना गाठायचा.

दोन आठवडे ही मुदत तर प्रत्येक घरात पाठ असायला हवी. त्याहून जास्त टिकलेल्या खोकल्याचा बेडका तपासायचाच. त्यात संध्याकाळचा बारीक ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, उतरत चाललेलं वजन, कधी बेडक्यात रक्त असलं, तर एक दिवसही घालवू नये. तपासायला द्यायची ती तोंडातली थुंकी नव्हे. सकाळी उठून, चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका द्यायचा. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे ठेवला तो 24 मार्च 1882 रोजी. आनंदीबाई जोशी 1886 साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या तेव्हा रोगाचं कारण ठाऊक होतं, पण त्यावर औषध नव्हतं. परत आल्यावर कोल्हापूरच्या रुग्णालयातलं काम त्यांची वाट पाहत होतं. ते हाती घेण्याआधीच 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने त्या गेल्या, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. इतरांच्या छातीचे ठोके ऐकायला शिकलेल्या त्या मुलीने स्वतःच्या खोकल्यात काय काय ऐकलं असेल, या विचाराने आजही गलबलून येतं. आज सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट आहेत आणि साध्या क्षयाला साधारण सहा महिन्यांचे उपचार पुरतात. दोन महिन्यांत बरं वाटतं, म्हणून पुष्कळ जण गोळ्या सोडतात. क्षय उलटतो तो तिथेच.

तान्ह्या मुलाच्या बाबतीत मात्र खोकल्याच्या आवाजावर किंवा वेळेवर विसंबून चालत नाही. तिथे श्वास मोजावे लागतात. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी हे काम गावातल्या दायांच्या हाती दिलं. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं एक साधं साधन तयार केलं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपेपर्यंत किती मणी सरकले त्यावरून न्यूमोनिया ओळखायचा. त्या गावांमध्ये न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू स्पष्टपणे घटले आणि तो अभ्यास 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

ही मोजणी कोणत्याही आईबापांना जमेल. मूल रडत असताना किंवा दूध पिताना मोजू नये. ते निजलं की अंगावरचा सदरा वर करावा, पोटाकडे पाहावं आणि पूर्ण एक मिनिट मोजावं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला 60, दोन महिने ते एक वर्ष असेल तर 50, एक ते पाच वर्षांचं असेल तर 40. श्वास इतके किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाऊ लागली, तर खोकला कोरडा की ओला हे विचारत न बसता मुलाला उचलून निघावं.