अप्पांची सिटी, भाच्याचा फिल्टर आणि पाच हजार लिटर हवा



ग्रुपवर कुंद्याच्या, गणपतीच्या, जुन्या गल्ल्यांच्या आठवणी येतात, मी आवडीने वाचते. आज मात्र मी गाडीच्या इंजिनावर लिहिणार आहे. बाईमाणूस आणि इंजिन, असं कुणाच्या मनात आलं तर आधीच सांगते, माझं निम्मं आयुष्य उद्यमबागेत गेलंय. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिथे छोटं मशीन शॉप आहे. हायड्रॉलिकच्या जॉबवर्कचं काम. गेली वीस वर्षं ते मी बघते. आपल्या बेळगावला लोखंडाचं वेड जुनंच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते आपल्याच गावात. किर्लोस्करवाडी नंतरची, १९१० ची.

तर गाडी. २००१ साली अप्पांनी होंडा सिटी घेतली, १.५ व्हीटेक. १४९३ सीसी, १०६ हॉर्सपॉवर. त्या काळात आपल्याकडे एवढी ताकद असलेल्या गाड्या हातावर मोजण्याइतक्या होत्या. दिसायला साधी, पण वरच्या आरपीएमला इनटेक व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅम लागू व्हायचा आणि इंजिनाचा सूरच बदलायचा. अप्पा दर महिन्याला चोर्ला घाटातून म्हापशाला जायचे, आत्याकडे. बहीणभावाचं जेवण, गप्पा, संध्याकाळी परत.

हळूहळू ते जाणं बंद पडलं. अप्पा आता ७८ वर्षांचे. पण कारण वय नव्हतं, गाडी होती. घाटात ती ओढेना. तिसऱ्यात दम टाकायची, दुसऱ्यात घातली तर नुसती ओरडायची. त्यातच आरसी रिन्यू करायची वेळ आली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी ते करावं लागतं, तपासणी होते. अप्पा एक दिवस जेवताना म्हणाले, "आता पुरे. भंगारात जाऊ दे."

माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, नुकताच नोकरीला लागलाय. त्याचा जीव त्या गाडीत. त्याने पहिल्या पगारातून एका दुकानातून ओपन कोन फिल्टर आणला आणि कंपनीचा काळा डबा काढून बसवून टाकला. ॲक्सिलरेटर दाबला की घुर्रर्र आवाज. गल्लीतली पोरं बघायला जमली. अप्पांचं डोकं फिरलं. "न विचारता डबा काढलास?" एवढंच म्हणाले आणि नातवाशी बोलणंच सोडलं. तीन आठवडे घरात एक जण हॉलमध्ये आला की दुसरा उठून आत जायचा. वहिनी दोघांना वेगवेगळं ताट वाढायच्या.

अप्पांची शॉपमधली सवय अशी, की कुणी काही सांगितलं की एकच प्रश्न, "माप काय आलं?" कामगार म्हणाला "बरोबर बसतंय", तरी प्रश्न तोच. म्हणून मी भाच्याला म्हटलं, "तू म्हणतोस गाडी पळते, आजोबा म्हणतात बिघडवली. दोघांकडे माप नाही. चल, मोजू."

आधी थोडं गणित सांगते, सोपं आहे. इंजिन म्हणजे हवेचा पंप. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाएवढी हवा ओढतं. दीड लिटरचं इंजिन ६८०० आरपीएमला फिरतंय, म्हणजे मिनिटाला ३४०० वेळा दीड लिटर. झाले की पाच हजार लिटर! सिंटेक्सची मोठी टाकी दर मिनिटाला रिकामी करण्यासारखं आहे हे. पेट्रोल एक किलो जाळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. तेव्हा पेट्रोल हवं तेवढं ओता, हवा नसेल तर ताकद नाही. आणि इथे लिटरला महत्त्व नाही, वजनाला आहे. गरम हवा फुगलेली असते, तेवढ्याच लिटरात कमी भरते.

म्हणजे दोन गोष्टी मोजायच्या. हवा आत येताना किती अडते, आणि आत येते ती किती गरम असते.

अडथळा मोजायला मी शॉपमधली पारदर्शक नळी घेतली, फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी बसवली, त्यात शाईचं पाणी भरलं आणि बाजूला पट्टी चिकटवली. नळीचं एक टोक उघडं, दुसरं फिल्टरच्या पुढच्या रबरी पाइपात. इंजिन जोरात ओढायला लागलं की एका बाजूचं पाणी वर चढतं. दोन्ही बाजूंत जितका फरक, तितका अडथळा. दहा सेंटिमीटर फरक म्हणजे वातावरणाच्या दाबाचा अंदाजे एक टक्का गेला. तापमानासाठी प्रोबवाला स्वस्तातला डिजिटल थर्मामीटर.

रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर भाचा चालवायला, मी फळी मांडीवर घेऊन बाजूला. दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. आधी जुना डबा परत बसवून, जसा होता तसा. फरक ४५ सेंटिमीटर! म्हणजे चार-साडेचार टक्के हवा तिथेच अडलेली. मग कोन फिल्टर. फक्त ९. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आत्या, बघितलंस?"

बघितलं. हवा मोकळी येत होती, त्यात तो खराच होता. पण थर्मामीटर वेगळंच सांगत होता. बाहेर ३१ अंश. गाडी पळत असताना कोन फिल्टरपाशी ४८. परत येताना गोगटे सर्कलला सिग्नलवर अडकलो तर ६२. फिल्टर रेडिएटर आणि इंजिनाच्या मध्ये उघडा बसलेला, तो दुसरी कुठली हवा घेणार?

आमचे मेस्त्री घरी कन्नड, अप्पांशी मराठी आणि भाच्याशी हिंदी बोलतात. त्यांनी बॉनेटखाली हात घालून बघितलं आणि म्हणाले, "गरम हवा खाऊलालीय की ओ ही." आवाज वाढलेला, कारण आवाज दाबणारा डबाच गेलेला. कानाला वाटतं गाडी सुटली.

मग आम्ही कंपनीचा डबा सगळा खोलला. समोरून थंड हवा आणणाऱ्या नळीत काय मिळालं असेल? उंदराचं घरटं! सुकी पानं, सीटमधला स्पंज, एक अख्खा हातरुमाल. फिल्टर पेपरचाच होता, पण आमच्या भागातली फाउंड्रीची वाळू खाऊन दगड झालेला. एक गोष्ट इथे लक्षात ठेवण्यासारखी. कार्बोरेटरच्या गाडीत फिल्टर चोंदला की पेट्रोल जास्त जळतं, काळा धूर येतो, कळतं. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर हवेप्रमाणे पेट्रोल कमी करतो, ॲव्हरेज फारसं पडत नाही, फक्त पिकअप जातो. म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. आम्हाला वाटत होतं गाडी म्हातारी झाली.

फिल्टरनंतरच्या रबरी पाइपाला खालून चीर होती. तिथून धूळ थेट आत जात होती. ती बदलली. थ्रॉटल बॉडीच्या झडपेवर काळा थर होता, तो क्लीनर आणि मऊ फडक्याने काढला. घासायला खरखरीत काही वापरलं नाही. नवीन पेपर फिल्टर, डब्याचं रबर नवीन, म्हणजे कडेने हवा चोरून येणार नाही. पुन्हा तीच फळी, तोच रस्ता. अडथळा २१. हवा ३६ अंशांवर, सिग्नलला ३८.

हिशेब मांडला. कोन फिल्टर अडथळ्यात सव्वा टक्का पुढे, पण पळताना गरमीत साडेतीन टक्क्यांहून जास्त मागे, आणि ट्रॅफिकमध्ये सात टक्के. एकूण कंपनीचा साफ केलेला डबा जिंकला. पण गंजलेल्या, चोंदलेल्या डब्यासमोर भाच्याचा फिल्टर जिंकल्यासारखा वाटला, यात त्याचा काय दोष?

काही जण कोन फिल्टर खाली बंपरमागे नेऊन बसवतात, थंड हवेसाठी. कल्पना बरोबर आहे. पण आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. फिल्टर पाण्यात बुडाला आणि इंजिनाने पाणी ओढलं, तर पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय आरसीची तपासणी होती. मूळ गाडीत परस्पर फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, म्हणून बिनापरवानगीचं काही ठेवायचं नव्हतं.

मी सगळी मापं एका कागदावर लिहून अप्पांच्या टेबलावर ठेवली. काही बोलले नाहीत. चष्मा लावून दोनदा वाचलं. मग नातवाला हाक मारली, तीन आठवड्यांनी पहिल्यांदा. "हे ९ कसं आलं? नीट सांग." तो सांगत बसला, फिल्टरचं क्षेत्रफळ, डब्यातली वळणं. अप्पा मध्येच म्हणाले, "म्हणजे मोकळं करायचं होतं हे तुला बरोबर कळलं होतं. थंडीचं राहिलं." त्यांच्या तोंडून हे मोठंच सर्टिफिकेट. रात्री वहिनींनी दोघांना शेजारी वाढलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं म्हापशाला गेलो. घाट चढताना तिसरा गिअर पुरला. अप्पा नेहमी म्हणायचे, "गोव्यात उतरलं की गाडी उड्या मारते." आम्ही हसायचो, बहिणीचं घर जवळ आलं म्हणून यांना तसं वाटतं. तर मंडळी, ते खरं होतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर वर. इथे हवेचा दाब पणजी-म्हापशापेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी. खाली उतरलं की इंजिनाला तेवढी दाट हवा फुकट मिळते. उकाडा थोडा हिशेब खातो, तरी फरक उरतोच. आम्ही आठवडाभर खपून मिळवलं त्याहून जास्त चोर्ला घाट देतो. मी हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, मी म्हणत होते ना, इथली हवा चांगली!"

आरसी पाच वर्षांसाठी वाढून आली. भंगाराची गोष्ट अप्पांनी परत काढली नाही. परवा गाडीच्या बिलांची फाइल त्यांनी भाच्यापुढे ठेवली. २००१ पासूनचं प्रत्येक ऑइल, प्रत्येक टायर, आणि शेवटी आमचा मापांचा कागद पंच करून लावलेला. मला म्हणाले, "गाडी याच्या नावावर करून टाक. रात्रीचं मला आता दिसत नाही."

जुनी गाडी ओढेनाशी झाली असेल, तर नवीन काही लावायच्या आधी एवढं करून बघा. समोरून हवा येते ती नळी हात घालून तपासा, फिल्टर उन्हात धरून बघा, रबरी पाइप वाकवून चीर शोधा, थ्रॉटल साफ करा. दीड-दोन हजारांत काम होतं. जुन्या गाडीत ताकद घालायची क्वचितच असते, अडलेली सोडवायची असते.

तुमच्या घरी अशी एखादी जुनी एस्टीम, सिटी, पालियो, काँटेसा अजून आहे का? कुणाच्या हातात आहे आता? लिहा की. अप्पांना वाचून दाखवणार आहे.