आमच्या वर्गातले लॉरेल आणि हार्डी



आज उपक्रम सांगण्याआधी एक कबुली द्यायची आहे.

माझ्या चौथीच्या वर्गात दोन मुलं आहेत. एक उंच, काटकुळा. दुसरा ठेंगणा, अंगानं भरलेला. बाकावर शेजारी, मधल्या सुट्टीत सोबत, आणि भांडण झालं तरी आपसातच. जूनमध्ये एक दिवस दोघं उशिरा, धापा टाकत वर्गात शिरले आणि मी सहज बोलून गेलो, "या, आले बघा आपले लॉरेल आणि हार्डी!" मुलांना हे कोण ते ठाऊक नव्हतं. म्हणून मीच फळ्यावर दोन चित्रं काढली. एक उभी काठी आणि एक मोठा गोल. वर्ग खदखदून हसला. ती दोघंही हसली. नाव चिकटलं.

ऑगस्टमध्ये लक्षात आलं की, तो ठेंगणा मुलगा खिचडी अर्धी ठेवून उठतो. विचारलं तर म्हणायचा, "पोट भरलं सर." मग पालक सभेला त्याची आई आली. सगळे गेल्यावर हळूच म्हणाली, "गुरुजी, घरी पण अर्धीच भाकरी खातो. म्हणतो, मी हार्डी आहे. हार्डी म्हणजे काय हो?"

मला उत्तर देता येईना. खरं सांगू? मलाही नीट माहीत नव्हतं. आमच्या घरातली मोठी माणसं त्यांना 'जाड्या-रड्या' म्हणायची, तेवढीच माझी माहिती. डी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात टोपणनावांचे दुष्परिणाम मी मुद्देसूद लिहिले होते. मार्कही चांगले पडले होते.

त्या रात्री मी त्या दोघांबद्दल वाचायला बसलो.

स्टॅन लॉरेलचा जन्म १८९० सालचा, इंग्लंडमधल्या अल्व्हर्स्टन गावचा. मूळ नाव आर्थर स्टॅन्ली जेफरसन. ऑलिव्हर हार्डी १८९२ चा, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला. त्याचं पाळण्यातलं नाव नॉरव्हेल. तो वर्षाचाही नव्हता तेव्हा वडील वारले. वडिलांचं नाव ऑलिव्हर, तेच त्यानं पुढे स्वतःला घेतलं. १९२७ च्या सुमारास हॅल रोच यांच्या स्टुडिओत या दोघांची जोडी जमली. मूकपट गेले, बोलपट आले, कितीतरी नट मागे पडले. ही जोडी टिकली. दोघांचे मिळून शंभरावर चित्रपट आहेत.

एका गोष्टीपाशी मी थांबलो. दोघांनी आपापली नावं स्वतःच्या मर्जीनं घेतली होती. माझ्या वर्गातल्या दोघांची मात्र मी निवडली.

मग 'द म्युझिक बॉक्स' पाहिला. १९३२ चा, जेमतेम अर्ध्या तासाचा, विनोदी लघुपटाचं ऑस्कर मिळालेला. गोष्ट एवढीच, की दोघांना एक पियानो उंचावरच्या घरी पोचवायचा आहे. मध्ये लांबलचक पायऱ्या. लॉस एंजेलिसमध्ये त्या आजही आहेत, १३३ पायऱ्या. पियानो चढतो, घसरतो, पुन्हा खाली. शेवटी कसाबसा वर पोचतो तेव्हा पोस्टमन सांगतो की, अहो, मागून गाडीरस्ता आहे ना! आणि ही दोघं काय करतात? वर आलेला पियानो पुन्हा खाली नेतात आणि गाडीत घालून रस्त्यानं वर आणतात!

मी एकटाच मोठ्यानं हसलो. हसताना जाणवलं, मला हसू येत होतं ते हार्डीच्या पोटाचं नव्हतं. तो टायच्या टोकाशी चाळा करत ऐटीत उभा राहतो, सगळं मलाच कळतं असं दाखवतो, आणि फजिती झाली की थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे, हताशपणे बघतो, त्याचं होतं. 'वे आउट वेस्ट' या १९३७ च्या चित्रपटात दोघं दारूच्या गुत्त्यासमोर नाचतात. ते वजनदार पाय काय हलके पडतात, बघाच एकदा.

दुसऱ्या आठवड्यात लोकवर्गणीतून मिळालेल्या टीव्हीवर मी तो लघुपट वर्गाला दाखवला. इंग्रजी संवाद मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगितले, पण फारशी गरज पडली नाही. नंतर एकच प्रश्न विचारला, "जास्त वेंधळा कोण?"

मित्रांनो, असला गलका वर्गात कधी ऐकला नव्हता. अर्धा वर्ग म्हणे लॉरेल, कारण त्याला काही समजतच नाही. अर्धा म्हणे हार्डी, कारण तो हुकूम सोडतो आणि तोच पडतो. या दोघांच्या चाहत्यांची 'सन्स ऑफ द डेझर्ट' नावाची मंडळी आहे. नाव त्यांच्याच १९३३ च्या चित्रपटावरून घेतलेलं. जगभर शाखा आहेत आणि शाखेला म्हणतात 'तंबू'. तिथल्या मंडळींना आमचा वाद ऐकायला नक्की आवडला असता. एका मुलीनं विचारलं, "सर, एवढं भांडतात तर सोडून का जात नाहीत?" मी सांगितलं, की १९५७ मध्ये हार्डी गेला. त्यानंतर लॉरेल साडेसात वर्षं जगला, पण पडद्यावर पुन्हा कधी उभा राहिला नाही. वर्ग गप्प झाला.

तेवढ्यात आमचा ठेंगणा मुलगा उठला. म्हणाला, "सर, तो जाडा आहे म्हणून आपण हसत नाही. तो स्वतःला लय शहाणा समजतो आणि मग पडतो, म्हणून हसतो."

"शाब्बास!" मी म्हणालो.

"मग तुम्ही फळ्यावर गोल का काढला होता?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरंच विचारत होता. माझ्याकडे दोन-तीन उत्तरं होती. गंमत केली, प्रेमानं म्हणालो, असली. आपण सगळेच ती देतो. पण समोर चौतीस मुलं बघत होती. मी म्हणालो, "माझं चुकलं. मला पिक्चर माहीत नव्हता, फक्त आकार माहीत होता. मी तुझी माफी मागतो."

तो थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "हार्डी मला आवडला सर. पण मला माझ्या नावानंच बोलवा." शेजारून काटकुळा ओरडला, "मला पण!"

मला वाटलं होतं, पिक्चर दाखवला की त्याला ते नाव अभिमानाचं वाटेल आणि माझीही सुटका होईल. तसं झालं नाही. आणि त्याचंच बरोबर आहे. चित्रपटातसुद्धा हार्डी अनोळखी माणसाला आपली ओळख करून देताना ऐटीत 'मी मिस्टर हार्डी, आणि हे माझे मित्र मिस्टर लॉरेल' असंच सांगतो. एवढ्या फजितीतही तो मान सोडत नाही.

खिचडी तो आता कधी पूर्ण खातो, कधी ठेवतो. मी त्याच्या ताटाकडे बघतो, पण बोलत नाही. आईशी मात्र दर आठवड्याला बोलतो.

तुम्हीही हा लघुपट वर्गात जरूर दाखवा. 'जास्त वेंधळा कोण?' आणि 'आपण नेमकं कशाला हसलो?' हे दोन प्रश्न विचारा. तिसरीच्या पुढची मुलं छान बोलतात. आणि पालकहो, घरात लाडानं ठेवलेलं एखादं नाव असेल, तर ते त्याला आवडतं का, एकदा त्यालाच विचारून बघा. मी जूनमध्येच विचारायला हवं होतं.