दगडूचे दोन कारभारी

दगडूचं वय बारा. कीबोर्डवरचा 'ए' पुसलेला, बिजागरी सैल. झाकण उघडलं की कुरकुरतो. वजन असं की नाव आपोआप पडलं. परळच्या भोईवाड्यात कोर्टाबाहेर मी अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करायला बसतो आणि दगडू माझ्या मांडीवर. फुटपाथवर प्लग नाही. सकाळी घरून पोटात भरलेलं असेल, त्यावरच त्याने दिवस काढायचा.

स्वभावाने गरीब. बोटं कशीही बडवा, हूं का चूं करणार नाही. पण मध्यंतरी त्याचं बिनसलं. दोन परिच्छेद झाले की पंखा घरघरायचा, मांडी भाजायची आणि ऐन गर्दीच्या वेळी, साडेअकराला, गडी अंग टाकायचा. अर्धवट प्रतिज्ञापत्र घेऊन पक्षकार माझ्या तोंडाकडे बघत उभा.

दोष माझाच. उबुंटूत वीज सांभाळायला 'पॉवर प्रोफाइल्स डीमन' हा कारभारी आधीपासून होता. बॅटरी आणखी टिकावी म्हणून मी 'टीएलपी' नावाचा दुसरा आणून बसवला. प्रोसेसरने किती जोर लावायचा, ते दोघंही कर्नलच्या त्याच नोंदींत लिहिणार. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "पालखी एक, भोई दोन, आणि तोंडं दोन दिशांना!"

ही भाऊबंदकी जुनी आहे. 1992 चं एपीएम आणि 1996 चं एसीपीआय ही वीज सांभाळायची दोन मानकं एकाच मशीनवर भेटली, की लिनक्स एसीपीआयच्या हाती कारभार देऊन एपीएमला बाजूला बसवायचा.

शेवटी दगडूलाच विचारलं. टर्मिनलमध्ये 'टीएलपी-स्टॅट' टाइप केलं. त्याने काही लपवलं नाही : जुना कारभारी कामावर आहे, म्हणून सुरू होताना टीएलपीची वीजबचत लागू होत नाही. खाली औषधही लिहिलेलं : 'मास्क'. जुन्याला नुसतं बंद करून भागत नाही. दुसरा एखादा प्रोग्रॅम हाक मारून पुन्हा उठवतो. मास्क केलं, की कितीही हाका मारा, तो उठत नाही.

मास्क केलं, रीस्टार्ट दिला. मेन्यूतला वेग निवडायचा पर्याय गेला; तो मी कधी वापरलाही नव्हता. दगडू आता डबा उघडेपर्यंत टिकतो, मांडी भाजत नाही. कुरकुर तेवढी राहिली आहे, पण ती बिजागरीची.

तुम्हीही नवा कारभारी आणणार असाल, तर आधी जुन्याचा हिशेब चुकता करा.