सहा मिनिटांची चाल

माणसाला ‘कसे आहात?’ असे विचारले, की तो बसल्या जागेवरून ‘बरा आहे’ असेच बहुधा सांगतो. या उत्तरावर किती विसंबावे, हे आम्हांला २०२१ च्या एप्रिल महिन्यात नागापुरात शिकावे लागले. धडा फुप्फुसांचा आणि रक्ताचा होता. तो उशिरा समजला, म्हणून येथे लिहून ठेवीत आहोत.

नागापूर हे नगर-मनमाड रस्त्यावरचे गाव. एमआयडीसी आल्यापासून येथला दिवस कारखान्यांच्या पाळ्यांप्रमाणे उगवतो आणि मावळतो. त्या एप्रिलमध्ये कोविडची दुसरी लाट आली होती. मंदिराची दारे बंद होती, म्हणून आम्हीच घरोघरी जात होतो. उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, प्रार्थना करायची आणि झग्याच्या खिशातला ऑक्सिमीटर आजाऱ्याच्या बोटाला लावायचा, असा क्रम होता.

एका घरी पन्नाशीचे एक कामगार बाजेवर बसले होते. तापाचा पाचवा दिवस होता. बोट पुढे करून ते म्हणाले, ‘‘फादर, मी बराय. बसल्या जागी काय बी होत नाय.’’ आकडा ९५ आला. ‘‘देवाची कृपा, भाऊ. आराम करा,’’ असे म्हणून आम्ही समाधानाने परतलो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या मुलाचा फोन आला. रुग्णालयात खाट मिळेपर्यंत दुपार टळली. चौथ्या दिवशी ते गेले.

त्याच आठवड्यात ओळखीच्या एका डॉक्टरांनी आम्हांला विचारले, ‘‘फादर, तुम्ही त्यांना चालवून पाहिलेत का?’’ राज्याच्या आरोग्य विभागाने तेव्हा घरच्या घरी करण्याची एक चाचणी सुचविली होती. आधी आकडा पाहावा, सपाट जमिनीवर सहा मिनिटे चालावे, पुन्हा आकडा पाहावा. साठीपुढच्यांना तीन मिनिटे पुरेत. आकडा ९३ च्या खाली गेला, तीनपेक्षा अधिक अंकांनी उतरला किंवा धाप लागली, तर रुग्णालय गाठावे. चाचणी एवढीच. आम्ही चालवून पाहिले नव्हते.

बसून दिसत नाही ते चालून का दिसते, हा प्रश्न आम्हांला स्वस्थ बसू देईना. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. शरीरशास्त्र शाळेतच मागे राहिले होते. ते त्या डॉक्टरांकडून नव्याने समजावून घेतले.

आपल्या छातीत सुमारे ३० कोटी वायुकोश आहेत. ते पसरले तर एखाद्या मोठ्या घराची जमीन झाकली जाईल. या कोशांच्या पातळ भिंतीपलीकडून रक्त वाहते आणि रक्तातल्या तांबड्या पेशींमधील हिमोग्लोबिन प्राणवायू उचलते. नगर जिल्ह्याच्या माणसाला हे उसाच्या गाड्यांवरून लगेच समजेल. फुप्फुस म्हणजे फड, स्नायू म्हणजे कारखाना आणि तांबड्या पेशी म्हणजे मोळ्या वाहणाऱ्या बैलगाड्या. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवते. त्या रक्तातून सुमारे एक लिटर प्राणवायू निघतो. शरीर त्यातला पाव लिटरच उतरवून घेते. बाकीचा भरल्या गाडीत तसाच परत येतो. विश्रांतीत आपण असे शिलकीवर जगत असतो.

माणूस धावू लागला की चित्र पालटते. श्वास मिनिटाला सहा-सात लिटरांवरून शंभर लिटरांच्या पुढे जातो. हृदय पाचाऐवजी वीस-पंचवीस लिटर रक्त लोटते. राबणारा स्नायू तापतो, त्यात आम्ल आणि कर्बवायू साठतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी हिमोग्लोबिनची पकड ढिली होते. जिथे गरज अधिक, तिथे माल अधिक उतरतो. डेन्मार्कचे क्रिस्टियन बोर यांनी हा गुण १९०४ मध्ये दाखवून दिला. आम्हांला मात्र तो वाचताना जुन्या ओळखीचा वाटला. चांगल्या घरात वाढप असेच चालते.

आता चाचणीचे मर्म. विश्रांतीत एक तांबडी पेशी वायुकोशाजवळ सुमारे पाऊण सेकंद थांबते. निरोगी फुप्फुसात तिला भरायला पाव सेकंद पुरतो. उरलेला अर्धा सेकंद शिल्लक राहतो. आजाराने भिंत सुजली की भरायला वेळ लागतो. तरी बसलेल्या माणसात तो शिलकी वेळ उणीव झाकून टाकतो. चालू लागले की रक्त धावते, थांबण्याची वेळ आखडते आणि गाड्या अर्धवट भरून निघू लागतात. शिवाय स्नायूंकडून त्या अधिक रिकाम्या होऊन आलेल्या असतात. मग आकडा पडतो. बाजेवरचे ९५ खोटे नव्हते. ते फक्त बाजेपुरते खरे होते.

त्यानंतरच्या एका घरी आम्ही शहाणे झालो होतो. बसलेल्या तरुणाचा आकडा ९६ होता. आम्ही घड्याळ धरून त्याला अंगणात सहा मिनिटे चालायला लावले. शेवटी ८९! तो हसत म्हणाला, ‘‘मशिनच बिघाडलं असंल, फादर. मला दम बी लागला नाय.’’ दम न लागण्याचेही कारण आहे. श्वासाची तगमग मुख्यतः कर्बवायू साठल्याने होते. तो वायू प्राणवायूपेक्षा कितीतरी सहज भिंत ओलांडतो आणि बाहेर पडत राहतो. म्हणून प्राणवायू घटला तरी मेंदूला हाक पोहोचत नाही. त्या तरुणाला आम्ही त्याच संध्याकाळी रुग्णालयात धाडले. बाराव्या दिवशी तो घरी आला.

ते दिवसच तसे होते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीच्या गळतीमुळे प्राणवायूचा पुरवठा तुटला आणि किमान २२ रुग्ण दगावले. हवेत जो फुकट भरून राहिला आहे, त्याच्यासाठी माणसे त्या महिन्यात रांगा लावून उभी होती.

आणखी एक गोष्ट आमच्या आयाबहिणींसाठी. ऑक्सिमीटर भरलेल्या गाड्यांचे प्रमाण सांगतो. गाड्या किती आहेत हे सांगत नाही. शंभर मिलिलिटर रक्तात पंधरा ग्रॅम हिमोग्लोबिन असो वा सात, आकडा ९८ येऊ शकतो. पण दुसऱ्या रक्तात प्राणवायू निम्माही नसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ‘पाण्याचा हंडा उचलला की छाती धडधडते’ असे घरातली बाई सांगते, तेव्हा ती कामचुकार नसते. तिच्या गाड्या कमी असतात आणि हृदय त्याच गाड्यांच्या दुप्पट फेऱ्या मारीत असते. तिचे रक्त तपासून घ्यावे.

उलट टोकाला शेजारच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे पाहा. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण ८ मिनिटे १९.५० सेकंदांत जिंकले. अशा धावपटूंची फुप्फुसे सरावाने फारशी वाढत नाहीत. वाढते ते हृदयाचे एका ठोक्याचे माप, वाढते ते रक्त, वाढतात त्या स्नायूंतल्या केशवाहिन्या. म्हणजे रोजची अर्ध्या तासाची चालही वाया जात नाही.

असो. त्या भाऊंना आम्ही चालविले असते तर ते वाचले असते, असे कोणी सांगू शकत नाही. त्यांच्या पत्नीने आम्हांला कधी दोष दिला नाही. तरीही आजाऱ्याची भेट घेताना आता आम्ही खुर्चीवरून ‘कसे आहात?’ विचारून उठत नाही. ‘‘चला, अंगणापर्यंत जाऊन येऊ,’’ असे म्हणतो आणि त्यांच्या पावलाने चालतो. परवा त्या घरी गेलो, तेव्हा बाई म्हणाल्या, ‘‘बरीय मी, फादर.’’ आम्ही वहाणा पायांत सरकवल्या. त्याही उठल्या. वेशीपर्यंत जाऊन परत यायला नेमकी सहा मिनिटे लागली. आणि खरे काय ते त्यांनी चौथ्या मिनिटाला सांगितले.