आडवी नळी

गेले दोन महिने मी सोलापुरातल्या सायकलच्या दुकानांतून फिरत होते. घ्यायची होती सायकल, पण शोधत होते फ्रेम. दुकानदाराला हे समजावणं अवघड जातं. त्याचा पहिला प्रश्न, "मॅडम, गिअरवाली की साधी?" दुसरा, "डिस्क ब्रेक पाहिजे का?" मग रंग. फ्रेमबद्दल तो एवढंच विचारतो, "लेडीज की जेन्ट्स?" आणि माझ्याकडे बघून उत्तरही तोच देऊन टाकतो. सायकल हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे, उर्दूतही. मी दोन्ही भाषा शिकवते म्हणून हे लक्षात येतं. दुकानात मात्र ती नर-मादी होऊन उभी असते.

सायकलीत फ्रेम सोडून सगळं बदलता येतं. सीट टोचली, बदला. टायर झिजला, बदला. ब्रेक, हँडल, पायडल, अगदी चाकंसुद्धा बदलता येतात. फ्रेम बदलायची म्हणजे दुसरी सायकलच घ्यायची. तरी फ्रेमकडे गिऱ्हाईक सगळ्यात शेवटी बघतं आणि त्यावरचे स्टिकर सगळ्यात आधी.

आमची गरज साधी होती, पण एका सायकलीकडून अपेक्षा जास्त होत्या. माझी शाळा सकाळची. नई जिंदगीतून किल्ल्याच्या बाजूला जायचं, पाच-साडेपाच किलोमीटर. स्कूटर मिस्टरांकडे असते. शेअर रिक्षात सकाळी जागा मिळते तर मिळते. मुलगी यंदा दहावी पास झाली, चांगल्या मार्कांनी. तिला सायन्स घ्यायचंय आणि ते कॉलेज दुपारचं आहे, रिक्षा दोनदा बदलावी लागते. घरात बोलणं सुरू झालं होतं की जवळच्या कॉलेजात आर्ट्सला घालू. बोलणारी माणसं वाईट नव्हेत. "मुलगी हुशार आहे, पण जाणार कशी?" एवढाच त्यांचा प्रश्न. म्हणजे पोरीने फिजिक्स शिकायचं की नाही, हे रिक्षावाल्यावर येऊन ठेपलं होतं. मला ते मान्य नव्हतं. दोन सायकली घेण्याइतके पैसे नव्हते. म्हणून एकच सायकल, जी सकाळी मी नेईन, दुपारी ती नेईल आणि रविवारी बारा वर्षांचा मुलगा दळण आणायला नेईल.

माझी उंची पाच फूट एक इंच, मुलीची पाच-चार. मी बुरखा घालते, ती सलवार-कमीज आणि ओढणी. मागे कॅरिअरवर कधी साठ वह्यांचा गठ्ठा, कधी दहा किलो पीठ. हे सगळं पेलणारी फ्रेम कोणती?

अब्बांची सायकल मला अजून आठवते. अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो दुरुस्त करून परत लावून देणारा माणूस म्हणजे जॉबर, हे सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी. त्यांची सायकल काळी, चोवीस इंची फ्रेमची, अठ्ठावीस इंची चाकांची, वायरऐवजी सळयांवर चालणाऱ्या ब्रेकची. ती ठेवण मूळची इंग्लंडची. आपल्याकडे ॲटलसने १९५१मध्ये आणि हीरोने १९५६मध्ये सायकली काढायला सुरुवात केली, त्यांनीही तीच ठेवण वर्षानुवर्षं चालवली. त्यात शहाणपण होतं. पुढचा चिमटा बराच तिरका, दोन चाकांमधलं अंतर जास्त, त्यामुळे खड्ड्याचा दणका हातापर्यंत येता येता निम्मा होतो. टॉवेलचे गठ्ठे लादा, दुधाच्या किटल्या लटकवा, ती कुरकुरत नाही. हल्ली स्प्रिंगचा चिमटा लावून जे विकतात, ते काम ही सायकल नुसत्या तिरक्या नळीने करायची. स्वस्तातला स्प्रिंगचा चिमटा वजन वाढवतो आणि दोन वर्षांत खडखडायला लागतो, हे मला तीन मिस्त्रींनी सांगितलं. तिघेही तीच सायकल विकत होते.

मी सायकल शिकले ती अब्बांच्याच सायकलवर, आडव्या नळीच्या खालून पाय घालून, हाफ पायडल मारत. तेराव्या वर्षी उंची वाढली. आता नळीवरून टांग टाकून सीटवर बसायची वेळ आली आणि त्याच वर्षी माझी सायकल सुटली. घरात कुणी मनाई केली नाही. अब्बा तर नाहीच. पण टांग मारायची म्हणजे पाय कमरेएवढा वर न्यायचा, आणि गल्लीच्या तोंडाशी कायम चार माणसं बसलेली. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांनी त्याच नळीवरून सहज टांग मारू लागला. त्या वेळी मला हे अन्यायाचं वगैरे वाटलं नाही. सायकलच उंच आहे, एवढंच वाटलं.

ती नळी तिथे का असते? जॉन केम्प स्टार्ली या कॉव्हेंट्रीच्या माणसाने १८८५मध्ये 'रोव्हर' सायकल आणली. दोन चाकं साधारण सारखी, मागच्या चाकाला साखळी. आजची सायकल तिचीच वंशज. लवकरच फ्रेमला चौकटच्या पत्त्यासारखा आकार आला, म्हणजे एकमेकांना चिकटलेले दोन त्रिकोण. बी.एड.ला असताना आमच्या वर्गातल्या गणितवालीने एक पाठ घेतला होता. पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या टाचणीने जोडल्या तर आकार हलत नाही, चार जोडल्या तर लगेच कलंडतो. तोच नियम इथे. वरची आडवी नळी काढली की पुढचा त्रिकोण मोडतो आणि फ्रेम पीळ खाऊ लागते. लेडीज सायकलवर मागे कुणाला बसवलं की पुढचं हँडल जरा डुलतं ते यामुळे. चांगल्या कंपन्या त्यावर उपाय करतात. खाली उतरती एक नळी असते तिथे दोन घालतात, एकीखाली एक, किंवा एकच पण जाडजूड. फ्रेंच लोकांची एक तऱ्हा आहे, 'मिक्स्त' नावाची. तिच्यात दोन बारीक नळ्या हँडलखालून निघून सीटच्या नळीच्या दोन्ही बाजूंनी थेट मागच्या चाकाच्या आसापर्यंत जातात. दिसायला सुंदर. सोलापुरात मला कुठे मिळाली नाही.

हे वाचत गेले तसं एक गंमत कळली. सायकलींचा देश म्हणजे हॉलंड. तिथल्या बिननळीच्या साध्या सायकलीला 'ओमाफीट्स' म्हणतात, म्हणजे आजीची सायकल. जपानमधल्या तसल्याच सायकलीला 'मामाचारी', म्हणजे आईची सायकल. पुढे टोपली, मागे कॅरिअर, साखळीवर कव्हर. आणि ती नातवंडंही चालवतात, टाय लावलेले पुरुषही. खाली वाकलेली नळी हा तिथे बाईमाणसाचा दोष धरत नाहीत. भाजीची पिशवी घेऊन, सिग्नलला थांबून, पटकन उतरायला सोपं पडतं, बस्स. आपल्याकडे मात्र लेडीज सायकलवर मुलगा बसला की पोरं हसतात. माझ्या मुलाचा पहिला प्रश्न हाच होता.

खरी अडचण मुलाची नव्हतीच, मुलीची होती. तिला सरळ नळीची सायकल हवी होती. "लेडीज घेतली तर कॉलेजात हसतील, आणि मला टांग मारता येते," असं तिचं म्हणणं. मी नळीविरुद्ध एवढा अभ्यास करून बसलेली आणि पोरगी नळीच्या बाजूने! वर तिने पुरावाही दिला. एनसीईआरटीच्या आठवीच्या हिंदी पुस्तकात पी. साईनाथ यांचा 'जहाँ पहिया है' हा लेख होता. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली. त्या लेखानुसार लाखाहून जास्त खेड्यातल्या बायका शिकल्या, त्यांत मुसलमान मुलीही होत्या. लेडीज सायकली दुकानांत संपल्या, तेव्हा बायकांनी जेन्ट्स घेतल्या. काहींना तर त्याच आवडल्या, कारण सीट आणि हँडलच्या मधल्या नळीवर मूल बसवता येतं. साडी नेसून, नळीसकट. आता बोला.

मी बोलले नाही, पण माझं मत पूर्ण बदललंही नाही. पुदुकोट्टईत बायका गटाने बाहेर पडत होत्या. अख्ख्या गावाने ते बघितलं, सवय झाली. मी आसरा पुलाच्या चढावर सकाळी पावणेसातला एकटीच असेन. मागून ट्रक, पुढे रिक्षा, आणि अचानक पाय टेकायची वेळ आली तर बुरख्यात नळीवरून पाय काढणं मला झेपणार नाही. टांग मारता येणं ही मुलीची हौस होती. थांबता येणं ही माझी गरज. आणि घरात सगळ्यात कमी वाकू शकणाऱ्या माणसाच्या मापाने वस्तू घेतली की बाकीच्यांची सोय आपोआप होते, असं माझं म्हणणं. उलटं होत नाही. तिला हे पटायला चार दिवस लागले. त्यातले दोन अबोल्याचे.

मग धातू. दुकानात ॲल्युमिनियमची फ्रेम एका बोटाने उचलून दाखवतात. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा साधारण तिपटीने हलकं, हे खरंच. पण फ्रेममध्ये वाचलेलं किलो-दीड किलो माझ्या वह्यांच्या गठ्ठ्यापुढे काय आहे? शिवाय लोखंडी नळीला तडा गेला तर आमच्या मोहल्ल्यातला वेल्डिंगवाला तासाभरात सांधून देतो. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग निराळं, ते त्याच्याकडे होत नाही आणि झालं तरी सांध्याजवळची मूळ ताकद सहसा परत येत नाही. लोखंड गंजतं, पण आपल्या शहराची हवा कोरडी. पावसाळ्याआधी सीट काढून नळीत थोडं तेल सोडलं की पुरतं. आम्ही लोखंड घेतलं.

तुम्हीही सायकल बघायला जाणार असाल तर खाली वाकून मागच्या आसाजवळ बघा. कॅरिअर, स्टँड, मडगार्ड लावायला फ्रेमलाच भोकं आहेत का? स्पोर्ट्सच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फ्रेमना ती नसतात. मग कॅरिअर सीटच्या नळीला आवळून बसवतात आणि ते आठवड्यात एका बाजूला कलतं. दुसरं, टायर आणि फ्रेममध्ये मडगार्ड जाऊन वर बोटभर जागा राहते का, नाहीतर ओल्या काळ्या मातीत चाक अडकलंच. गिअर नसेल तर मागच्या आसाची खाच आडवी असलेली बरी, साखळी सैल पडली की चाक मागे सरकवून ताणता येते. आणि उभं राहून बघा. चिमटा काढून माप घेण्याची गरज नाही, सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत, आणि सीट वर करायला वाव राहिला पाहिजे.

अब्बांना मी दुकानात नेलं. आता ते फार बाहेर पडत नाहीत. दुकानदार फ्रेम किती सरळ आहे ते डोळा बारीक करून दाखवत होता. अब्बा म्हणाले, "आँख से नक्को देख बेटी, धागे से देख." खिशातून सुताची गुंडी काढली. धाग्याचं एक टोक मागच्या आसाला बांधलं, हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने परत आसापर्यंत आणलं आणि ताणलं. मग माझ्या पर्समधली पट्टी घेऊन सीटच्या नळीपासून धागा दोन्ही बाजूंना किती लांब आहे ते मोजलं. एकीकडे पाच मिलिमीटर जास्त. नवी कोरी सायकल, फ्रेम वाकडी. अशी सायकल हात सोडला की एका अंगाला ओढते आणि टायर एका बाजूने खाते. दुकानदार जरा वरमला, दुसरी काढली. ती जवळजवळ बरोबर निघाली. आयुष्यभर मागावर धागे सरळ करणाऱ्या माणसापुढे त्याचा इलाज नव्हता. मग मुलीला मागे बसवून मी चौकापर्यंत चक्कर मारली. हँडल डुललं, पण थोडंच. खाली दोन नळ्यांची, छत्तीस नव्हे सव्वीस इंची चाकांची, बिनगिअरची, मरून रंगाची. रंग मुलीने निवडला.

नणंद आली होती. सायकल बघून म्हणाली, "भाभी, इस उमर में सायकल पो जाते क्या?" मी तिला सांगितलं की फ्रान्सिस विलार्ड नावाची अमेरिकन बाई त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकली आणि १८९५मध्ये तिने त्यावर पुस्तक लिहिलं. नणंद म्हणाली, तिच्या घरी बोलायला नणंद नसेल.

साखळीला पूर्ण कव्हर आहे, पण मागच्या चाकात बुरखा किंवा ओढणी जाण्याची भीती होती. सोबत आलेला प्लास्टिकचा पत्रा अर्धंच चाक झाकतो. जुन्या काळी बायकांच्या सायकलींना मडगार्डपासून आसापर्यंत दोऱ्यांची जाळी असायची. मी फोटो दाखवला. मिस्त्रीने मडगार्डच्या कडेला बारीक भोकं पाडून दिली आणि अब्बांनी दोन संध्याकाळी बसून सुताची जाळी ओवली. सीटचा बोल्ट काढून हाताने उघडणारी खिटी लावली आहे. दुपारी मी घरी पोचले की मुलगी सीट दोन बोटं वर घेते आणि निघते. सकाळी मी ती खाली करते. कॉलेज सुरू होऊन दीड महिना झाला. सायन्सच.

पहिल्या पावसात सुताची जाळी भिजून सैल पडली. अब्बांनी नायलॉनची दोरी मागवली आहे, मासे धरायच्या जाळ्याला असते तसली बारीक. या रविवारी आणायची आहे.